फ्रेंचमध्ये ‘चालायचं’ कसं: इंग्रजीचा वळसा न घेता

ल्याँमधल्या एका हॉटेलच्या काउंटरवर मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, “झं मार्श आ ला गार.” मला सांगायचं होतं, की मी स्टेशनला चालत जातो, टॅक्सी नको. काउंटरवरच्या बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, स्टेशनात काही हरवलंय का? त्यांच्या कानांवर पडलं होतं ते असं: ‘मी स्टेशनात चालत असतो.’ तोवर मी चार वर्षं फ्रेंच शिकलेला होतो, दोन परीक्षाही पास होतो.

चूक माझी एकट्याची नव्हती. ‘वॉक म्हणजे मार्शे, पाठ करा’ असं सांगणारी वही मला पहिल्या आठवड्यात मिळाली होती. आजही मार्कांसाठी फ्रेंच घेतलेली अकरावी-बारावीची मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या वहीत पहिल्या पानावर हेच असतं. शब्दार्थ म्हणून ते खोटं नाही. वाक्य करायला घेतलं की मात्र दहातल्या सात वेळा ते तोंडघशी पाडतं.

पायरी १. उच्चार. ‘झं’ मधला झ म्हणजे श ला आवाज दिलेला, आणि चंद्रबिंदू दिसला की नाकातून बोला. बाकी ऐकून येईल.

पायरी २. इंग्रजी वाक्य खोडा आणि मराठी वाक्याचं शेवटचं क्रियापद पकडा. सगळा घोळ इथे होतो, म्हणून इथे मी वेळ घेणार आहे.

इंग्रजी काय करते बघा. ‘ही रॅन डाउन द स्टेअर्स.’ हालचाल कशी झाली ते क्रियापदात (रॅन), कुठल्या दिशेने झाली ते शेजारच्या चिमुकल्या शब्दात (डाउन). वॉक इन, वॉक आउट, वॉक अप, वॉक अक्रॉस: क्रियापद तेच, दिशा बदलायची तर पुढचं शेपूट बदला. फ्रेंचला असली शेपटं नाहीत. तिथे दिशाच क्रियापद होऊन बसते: आत जाणं ‘आँत्रे’, बाहेर पडणं ‘सोर्तीर’, चढणं ‘माँते’, उतरणं ‘देसाँद्र’, ओलांडणं ‘त्राव्हेर्से’. मग हालचाल कशी झाली, हे हवंच असेल तर वाक्याच्या शेवटी जोडायचं. लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली भाषांची ही विभागणी व्यवस्थित मांडली. तुम्हाला ती पाठ करायची गरज नाही, कारण तुमची आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलली ती या बाबतीत फ्रेंचच्या बाजूची आहे.

‘तो धावत जिना उतरला.’ शेवटचं क्रियापद काय? उतरला. तेच फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद: ‘इल आ देसाँद्यू लेस्कालिए आँ कुराँ.’ ‘धावत’ झालं ‘आँ कुराँ’ आणि शेवटी गेलं. ‘ती लंगडत आत आली’: ‘एल ए आँत्रे आँ ब्वाताँ.’ ‘बाळ रांगत स्वयंपाकघरात आलं’: ‘लं बेबे ए आँत्रे दाँ ला क्विझीन आ कात्र पात’, म्हणजे शब्दशः चार पंजांवर. ‘त्याने पोहत नदी पार केली’: ‘इल आ त्राव्हेर्से ला रिव्ह्येर आ ला नाज.’ आणि माझं ल्याँमधलं वाक्य? ‘मी स्टेशनला चालत जातो.’ शेवटी ‘जातो’ आहे, म्हणून ‘झं व्हे आ ला गार’, आणि ‘चालत’ म्हणून ‘आ प्ये’, म्हणजे पायी. झं व्हे आ ला गार आ प्ये. मार्शे कुठेच नाही. हे मला मराठीतून सरळ दहा सेकंदांत जमलं असतं. इंग्रजीतून जायला गेलो आणि चार वर्षं लागली.

म्हणून माझा आग्रह आहे, आणि तो मी सोडणार नाही: गतीचं वाक्य असेल तेव्हा मनातल्या मनातसुद्धा इंग्रजी आणू नका. फ्रेंचची पुस्तकं इंग्रजीतून आहेत, ॲप इंग्रजीतून आहे, सर इंग्रजीत शिकवतात, सगळं मान्य. तरी समासात मराठी वाक्य लिहा आणि त्याच्या शेवटच्या क्रियापदाखाली रेघ मारा.

यात दोन सावधगिऱ्या आहेत. एक म्हणजे ‘आ प्ये’चा पाऊस पाडू नका. नवीन शिकलेला विद्यार्थी ‘मी पायी रस्ता ओलांडला’ म्हणतो. रस्ता माणूस पायीच ओलांडतो, मराठीतही आपण तेवढंच म्हणून थांबतो. ‘झे त्राव्हेर्से ला र्यू’, पुरे. रिक्षाने की पायी असा प्रश्न खरोखर असेल तेव्हाच ‘आ प्ये’ काढा.

दुसरं म्हणजे मार्शेला मुक्कामच चालत नाही असं समजू नका. ‘झ्युस्का’ म्हणजे ‘पर्यंत’ लावलं की चालतो. ‘झे मार्शे झ्युस्का ला गार’ म्हणजे ‘स्टेशनपर्यंत चाललो’, जोर अंतरावर, पाय दुखले त्याच्यावर. ‘व्हेर’ म्हणजे ‘दिशेने’ हेही चालतं. आणि मुक्कामच नसेल तर मार्शे अगदी घरचा: रोज तासभर चाललं पाहिजे, ‘इल फो मार्शे युन अर पार झूर’. पावसात चालणं, भरभर चालणं, सगळीकडे मार्शे.

पायरी ३. आपलं ‘चालणं’ तपासून घ्या. मराठीवर विसंबायला सांगितलं खरं, पण आपलं हे क्रियापद बेरकी आहे. ‘कुठे चाललास?’ यात चालणं कुठे आहे? विचारणारा स्कूटरवर बसलेल्यालाही हेच विचारतो. इथे अर्थ ‘जाणं’, म्हणून ‘ऊ व्हा त्यू?’ ‘बरं, मी चाललो’ म्हणजे ‘झं माँ व्हे’. ‘कसं काय चाललंय?’ याचंही उत्तर जाण्याच्या क्रियापदात, ‘कोमाँ सा व्हा?’ कसोटी सोपी आहे: ‘चाललो’च्या जागी ‘जातोय’ घालून पाहा. अर्थ टिकला तर ‘आले’ (फ्रेंचमधलं ‘जाणं’) वापरा, मार्शे नाही.

मग येतो आनंदाचा भाग. घड्याळ चालत नाही: ‘ला माँत्र नं मार्श पा.’ त्याचा धंदा चांगला चालतो: ‘सेझाफेर मार्श ब्याँ.’ इंग्रजीत घड्याळ ‘वॉक’ करत नाही, धंदाही नाही. फ्रेंचमध्ये दोन्ही आपल्यासारखेच चालतात. आणि मुकुटमणी म्हणजे आपलं ‘चालेल!’ उद्या सहाला भेटू? ‘सा मार्श!’ कॅफेत ऑर्डर दिली की वेटर म्हणतो, ‘सा मार्श!’ शब्दाला शब्द, सुराला सूर. मराठी माणसाने फ्रान्समध्ये पहिल्या दिवशी वापरावा असा शब्द हाच.

पण हुरळून जाऊ नका. ‘मला अंडं चालत नाही’ याचं शब्दशः भाषांतर केलंत, तर अंडं बिघडलंय, दुरुस्तीला टाकायचंय, असं ऐकू जाईल. तिथे ‘मी खात नाही’ म्हणा: ‘झं नं माँझ पा दं.’ (अंडी म्हणजे फक्त ‘अं’. ‘ले झं’ मधला झ आधीच्या शब्दातून ओढला जातो, आणि इथे तो येतच नाही: ‘पा दं’. हा उच्चार मी अजूनही आरशासमोर करतो.)

‘चालवणं’ही फुटतं. मशीन चालवणं ‘फेर मार्शे’, म्हणजे चालायला लावणं, आपल्याच घडणीचं. गाडी चालवणं मात्र ‘काँद्वीर’, दुकान चालवणं ‘तनीर’. आणि माणसाला ‘फेर मार्शे’ केलं तर त्याची फिरकी घेतली: ‘त्यू मं फे मार्शे!’ म्हणजे ‘काय, माझी फिरकी घेतोस का!’

जुन्या यंत्रांच्या बटणांवर ‘मार्श’ आणि ‘आरे’ लिहिलेलं असतं, चालू आणि बंद. ‘आँ मार्श’ म्हणजे चालू स्थितीत, वाटचाल सुरू. एमान्युएल माक्राँ यांनी एप्रिल २०१६ मध्ये आमियाँला आपली चळवळ सुरू केली तेव्हा तिचं नाव हेच ठेवलं. नावाची आद्याक्षरंही त्यांच्याच नावाची होती.

पायरी ४. फिरायला जाणं. ‘सं प्रोम्ने.’ कुत्र्याला फिरवणं ‘प्रोम्ने लं श्याँ’. डोंगर भटकायचे असतील तर ‘राँदोने’, फ्रान्सभर लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरे-लाल पट्टे रंगवलेले असतात. उगाच दुकानं बघत रेंगाळणं ‘फ्लाने’. फेरफटका म्हणजे ‘बालाद’, पण लिहिताना एकच ल, दोन ल लिहिलेत तर ते काव्य होतं. आणि ‘चल, तुला घरी सोडतो’ याला इंग्रजीतल्यासारखं मार्शे वापरता येत नाही, ‘झं तं राकाँपाञ’ म्हणा.

पायरी ५. भूतकाळ. मार्शेला सहायक क्रियापद लागतं ‘आव्ह्वार’, ‘आले’ला (म्हणजे ‘जाणं’ला) ‘एत्र’. ‘झे मार्शे’, पण ‘झं स्वी आले’. शब्द जोडून बोललात तर दुसरं ‘स्वी झाले’ ऐकू येतं, त्यामुळे लक्षात राहायला मराठी माणसाला अडचण नाही.

पायरी ६. वाक्प्रचार, म्हणजे पाय घसरण्याची जागा. इथे मराठीही दगा देते.

‘फेर ले साँ पा’ म्हणजे शब्दशः शंभर पावलं टाकणं. तुम्ही खूश होऊन म्हणाल, ही तर शतपावली! नाही. जेवणानंतरची शतपावली अगदी निवांत असते. फ्रेंच माणूस शंभर पावलं टाकतो ती ऑपरेशन थिएटरबाहेर, निकालाची वाट बघताना. आपण तिला येरझारा म्हणतो. स्टेशनातल्या आणि कोर्टातल्या मोठ्या दालनाला तर ‘साल दे पा पेर्द्यू’ म्हणतात, हरवलेल्या पावलांचं दालन.

आता हा ‘पा’. पा म्हणजे पाऊल, आणि पा म्हणजे नाही. हा योगायोग नाही. जुन्या फ्रेंचमध्ये नकार एकट्या ‘नं’ ने व्हायचा, आणि जोर द्यायला मागे काहीतरी लहान माप लावत. चालण्याच्या क्रियापदामागे ‘पा’, एक पाऊलही नाही. पिण्याला थेंब, खाण्याला पावाचा कण. आपणही म्हणतोच की, तसूभर हलला नाही, तिळमात्र फरक नाही. हळूहळू पाऊल सगळ्या क्रियापदांमागे जाऊन बसलं आणि त्याचा अर्थच ‘नाही’ झाला. आज बोलताना लोक मूळ ‘नं’ गिळतात आणि ‘झं मार्श पा’ एवढंच म्हणतात. खरा नकार गेला, पाऊल राहिलं.

पावलावरून आठवलं. पॅरिसचे बिशप सँ दनी यांचा माँमार्त्रला शिरच्छेद झाला, मग आपलं मस्तक हातात घेऊन ते मैलोगणती चालत गेले, अशी आख्यायिका आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये साहित्यिक बैठकी भरवणाऱ्या मादाम द्यु देफाँ यांना कोणी तरी हे अंतराचा बडेजाव करत ऐकवलं. त्यांचं उत्तर: अंतराचं काय एवढं, जड जातं ते फक्त पहिलं पाऊल.

बाकीचे भराभर. दबक्या पावलांनी जायचं तर आपल्याकडे मांजर, फ्रेंचमध्ये लांडगा, ‘आ पा द लू’. इंग्रज अंड्यांच्या कवचांवर चालतो, फ्रेंच अख्ख्या अंड्यांवर, आपण नुसतंच जपून पाऊल टाकतो. लोक आपल्या डोक्यावर मिरी वाटतात, फ्रेंच माणसाच्या पायांवर चालतात. ‘मार्श’ म्हणजे पायरीसुद्धा: पॅरिस मेट्रोत ‘आताँस्याँ आ ला मार्श’ ऐकलंत तर चालण्याबद्दल नाही, पायाखाली बघा. ‘देमार्श’ म्हणजे चाल, पण अनेकवचनात आणि कचेरीच्या संदर्भात ते आपले खेटे. मुक्कामाचा परवाना वाढवायला गेलात की हा शब्द आपोआप पाठ होतो.

एक कडक इशारा. ‘त्रोत्वार’ म्हणजे फूटपाथ. ‘मी फूटपाथवरून चालतो’ सांगताना ‘सुर लं त्रोत्वार’ म्हणा. ‘फेर लं त्रोत्वार’ म्हणजे देहविक्रय. माझ्या वर्गातल्या एका सज्जन काकांनी तोंडी परीक्षेत सकाळच्या व्यायामाचं वर्णन या शब्दांत केलं होतं. परीक्षक खोकल्या.

पायरी ७. सराव. तीन वाक्यं, आधी मराठी, शेवटच्या क्रियापदाखाली रेघ. ‘ती चवड्यांवर खोलीबाहेर पडली’: ‘एल ए सोर्ती द ला शाँब्र सुर ला प्वाँत दे प्ये.’ ‘आजोबा चालत जिना चढले’: ‘चालत’ टाकून द्या, ‘माँते’ पुरतं. ‘लिफ्ट चालत नाही, मी चाललो’: दोन ‘चालणी’, दोन वेगळी क्रियापदं. हे मी सोडवून देणार नाही, पायरी ३ पुन्हा वाचा.