पुढून खडखड येते म्हणून शॉकअप बदलताय? आधी या चुका टाळा

पावसाळा सरत आला की कोल्हापुरातल्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: गाडी खड्ड्यात गेली की पुढून खडखडते. त्यात नवल नाही. गगनबावड्याकडच्या पावसाने उखडलेला रस्ता, ऊसाच्या ट्रॉल्यांनी दबलेल्या कडा आणि प्रत्येक गल्लीने आपापल्या मापाने घातलेले गतिरोधक यांचा सगळा मार पुढच्या सस्पेन्शनलाच, म्हणजे चाकांना गाडीशी जोडून धक्के झेलणाऱ्या भागांना, सोसावा लागतो. मात्र या तक्रारीवरचे उत्तरही पुष्कळदा ठरलेले असते, ‘शॉकअप गेले’, म्हणजे धक्के शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाले, आणि खर्चाची पहिली चूक तिथेच होते.

माझ्या जुन्या हॅचबॅकचे पुढचे दोन्ही शॉकअप मी असेच एका गॅरेजच्या सांगण्यावरून बदलले. बिल भरून बाहेर पडलो, तर पहिल्याच पेव्हिंग ब्लॉकच्या गल्लीत तोच आवाज पुन्हा सुरू झाला. दोष निघाला तो स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचे झुकणे आवरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) डाव्या लिंक रॉडमध्ये (त्या बारला चाकाकडच्या भागाशी जोडणाऱ्या छोट्या दांडीत), म्हणजे शॉकअपच्या मानाने अगदी किरकोळ किमतीच्या भागात. निकामी झालेला शॉकअप सहसा खडखडत नाही. गतिरोधकानंतर गाडी दोन-तीन वेळा हेलकावते, ब्रेक लावताना पुढून जास्त दबते, टायर ठिकठिकाणी चट्ट्यांसारखा झिजतो आणि शॉकअपच्या नळीवरून ओघळलेल्या तेलावर धुळीचा काळा थर बसलेला दिसतो. यांपैकी एकही लक्षण नसेल, तर शॉकअपवर संशय घेण्याआधी बाकीचे भाग तपासून झालेले असावेत.

सीटवर बसून कानाने जागा ठरवणे हीदेखील फसवी गोष्ट आहे, कारण आवाज पत्र्यातून पसरतो आणि डाव्या चाकाजवळचा दोष उजव्या पायाशी वाजल्यासारखा वाटतो. शिवाय सैल बॅटरी क्लॅम्प, इंजिनाखालचे तुटक्या क्लिपांचे प्लास्टिक कव्हर, एक्झॉस्टवरचा पत्रा किंवा डिकीत लोळणारा जॅक हेही सस्पेन्शनचे सोंग घेतात. चाकांचे नट घट्ट आहेत का आणि टायरमध्ये हवा प्रमाणाबाहेर तर नाही ना, हेही सुरुवातीलाच पाहून घ्यावे.

त्यानंतर मोकळ्या, खडबडीत रस्त्यावर गाडी सावकाश चालवून तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबली, तर दोष सस्पेन्शनचा नसून बहुधा ब्रेक पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) झिजलेल्या पिनांचा असतो. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढवली तर आवाज कमी आणि तिरकी चढवली तर जास्त, असे आढळल्यास लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) पाहावेत, कारण दोन्ही चाके सारखी वर-खाली झाली की बारला पीळ पडत नाही. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा ‘टंग’ आवाज आला, तर शॉकअपच्या वरचे माउंट (त्याचे वरचे टोक बॉडीला बसते तो भाग) आणि त्यातले बेअरिंग तपासावे.

खरी गफलत होते ती जॅक लावल्यावर. एकच चाक उचलले की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंक रॉड ताणाखाली येतो, आणि मिस्त्री तो हलवून ‘यात प्ले (ढिलाई) नाही’ असे सांगून मोकळा होतो. लिंक तपासायचा तर दोन्ही चाके एकाच पातळीवर हवीत. गाडी चाकांवर उभी असताना पिटमधून (गाडीखाली उतरायच्या खड्ड्यातून) हात घालून तो हलवणे सर्वांत बरे. तरीही शंका राहिली, तर दोन्ही लिंक काढून सपाट, रिकाम्या रस्त्यावर अगदी हळू एक फेरी मारावी. आवाज बंद झाला तर निकाल लागला. वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकते, म्हणून हा प्रयोग घाटात किंवा हायवेवर मुळीच करू नये.

बॉल जॉइंटसाठी, म्हणजे चाकाला वळू देणाऱ्या गोळीच्या सांध्यासाठी, मात्र चाक अधांतरी हवे. गाडी स्टँडवर घेऊन घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी टायर धरून हलवावा. एका माणसाने ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा, आणि थांबली नाही तर बहुधा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बॉल जॉइंटचा समजावा. नऊ आणि तीनच्या जागी धरून ढिलाई जाणवली तर टाय रॉड एंड आणि रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे, पाहावेत. बॉल जॉइंटमध्ये ढिलाई सापडली, तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नये. तो निसटला तर चाकच आडवे पडते.

दोष बरोबर सापडला तरी बसवताना घोळ होतो. लोअर आर्मचे बोल्ट गाडी वर लटकलेली असतानाच पूर्ण आवळले, तर गाडी खाली येताच बुशचे रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी हलके लावून, गाडीचे वजन चाकांवर आल्यावर ते ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत. लिंक रॉडचा नट आवळताना त्याचा स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) ॲलन की किंवा पान्याने धरून ठेवावा. तो नटाबरोबर फिरला तर बूट (सांध्यावरचे रबरी टोपण) फाटतो, आणि त्यातून पाणी व माती शिरली की नवा लिंकही फार काळ टिकत नाही.

वॉशिंगनंतर गाडीखाली तेल फवारून घेण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. त्याने चार दिवस आवाज दबतो, निदान चुकते आणि खनिज तेलाने बुशचे रबर फुगून मऊ पडते.

लोअर आर्म, शॉकअप किंवा टाय रॉड एंड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावेच लागते. नुसता लिंक रॉड बदलल्यावर त्याची गरज नसते. तरीही बिलात अलाइनमेंटची ओळ दिसली तर कारण विचारावे.