उजव्या बाहीवर सात कवड्या

उन्हाळा लागला की दुकानांत समुद्र अवतरतो. गळ्यात शिंपला, कानात तारामासा, पर्सवर नांगर. हे सगळं एकदम अंगावर चढवलं तर आपणच चौपाटीवरचा स्टॉल दिसू लागतो. त्यापेक्षा एकच वस्तू घ्यावी, कवडी. तीही गळ्यात नको: कवड्यांची माळ ही तुळजाभवानीच्या आराध्यांची खूण, ती नुसती हौस म्हणून घातलेली अनेकांना खटकते. साडीच्या ब्लाउजवर काढता-घालता येणारी कवड्यांची पट्टी लावा, आणि फक्त उजव्या बाहीवर. डाव्या खांद्यावर पदर असतो. कवडीच्या दातांत त्याचा धागा अडकला की साडी ओढली जाते.

सामान थोडंच लागतं. सुमारे २ सेंमी लांबीच्या, पाठ कापलेल्या ७ कवड्या (दोन जादा घ्या, एखादी तडकतेच), २.५ सेंमी रुंदीची सुती फीत २४ सेंमी, टिच बटणांच्या ५ जोड्या, पॉलिएस्टर दोरा आणि मेणाचा तुकडा. प्लास्टिकची कवडी ओळखणं सोपं: सगळ्यांचे दात हुबेहूब सारखे असतात आणि कडेला साच्याची रेघ दिसते. खरी कवडी हाताला गार आणि जड लागते. दुकानात नॉटिलस या समुद्री प्राण्याचा शंख किंवा खरं प्रवाळ दाखवलं तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

पट्टी फसते ती बहुतेक कवडीच्या कापलेल्या कडेमुळे. ही कड ब्लेडसारखी असते, पट्टी चार वेळा घालताच साधा दोरा तुटतो. म्हणून ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून प्रत्येक कड बोटाला टोचेनाशी होईपर्यंत घासा. कोरडं घासू नका, ती पूड नाकात जाता कामा नये.

फितीची दोन्ही टोकं १-१ सेंमी आत दुमडून शिवा, २२ सेंमी उरेल. एका टोकापासून २ सेंमीवर पहिली खूण करा, मग दर ३ सेंमीला एक, अशा सात. अंतर यापेक्षा फारच कमी केलंत तर कवड्या एकमेकींना भिडतात आणि पट्टी दंडाभोवती वळतच नाही. कवडी उभी ठेवा, दातांची बाजू वर. दुहेरी दोरा मेणावरून ओढून घ्या. सुई फितीतून वर काढून कवडीच्या टोकावरून फटीत घाला आणि पोकळीतून परत फितीत उतरवा. वरच्या टोकाला असे चार टाके, खालच्या टोकाला चार. गोंदाच्या भरवशावर राहू नका, घामाने तो सुटतो.

टिच बटणं दर ५ सेंमीला. खोलगट भाग बाहीवर, टोकाचा भाग फितीवर. बाहीचं कापड पातळ असेल तर आतून फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून घ्या, नाहीतर बटण उघडताना कापडच फाटतं. बाही सहा इंचांची, चुण्या नसलेली हवी. कोपरापर्यंतची असेल तर कवड्या टेबलावर आपटतात. बाहीसाठी दंडाचं माप हात दुमडून घ्या. पट्टी बाहेरच्या बाजूला येऊ द्या, काखेच्या शिवणीकडची जागा मोकळी सोडा, तिथे कवड्या अंगाला घासतात.

रंगाचं म्हणाल तर गडद निळं किंवा बाटली हिरवं सुती कापड उत्तम. पांढऱ्याशुभ्र कापडावर कवडीचा पिवळटपणा मळल्यासारखा दिसतो. बाहीला जरीचे काठ नकोत, त्या झगमगाटात कवडीची चमक मरते.

ती चमक नैसर्गिकच असते. जिवंतपणी त्या गोगलगाईचं मऊ आवरण कवडीला झाकून ठेवतं, म्हणून ती गुळगुळीत राहते. वार्निश लावायची गरज नाही. लिंबू आणि व्हिनेगर मात्र दूर ठेवा. कवडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने तिचा वरचा थर विरघळून ती कायमची निस्तेज होते. अत्तर मारायचं ते पट्टी लावण्याआधी. ब्लाउज धुताना पट्टी काढा, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. फीत दमट राहिली तर टिच बटणांचा गंज कापडावर उतरतो, आणि तो डाग सहजासहजी जात नाही.