चौपाटीवर चिमुरड्यांचे फोटो: ओहोटीची संध्याकाळ आणि हातात बादली

माझ्या भाचीचे जुहूवरचे पहिले फोटो आम्ही "इकडे बघ, हस ना" म्हणत काढले. सगळ्यांत तिचे दात दिसतात, ती दिसत नाही. तेव्हापासून मी तिला एकदाही हाक मारून फोटो काढलेला नाही.

आधी तिथी बघा. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी साडेअकरा-बाराला येते आणि सहा तासांनी, ऐन संध्याकाळी, ओहोटी पूर्ण होते. हीच संध्याकाळ धरा. पाणी लांब गेलेलं असतं, ओली वाळू आरशासारखी चमकते आणि खेकड्यांनी मांडलेल्या वाळूच्या गोळ्यांपुढे मूल आपोआप उकिडवं बसतं. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात ताडून घ्या. पावसाळ्यात मात्र नको; तेव्हा डंख मारणारे जेलीफिश किनाऱ्याला लागतात. मालाडची अक्सा चौपाटी तर बाराही महिने टाळा, तिथल्या पाण्याच्या ओढीने फार जीव घेतलेत.

दोघं जा. फोटो काढणाऱ्याचं लक्ष चौकटीत अडकतं, म्हणून दुसऱ्याने फक्त मुलाकडे बघायचं, हातात मोबाइलही नको. यात तडजोड करू नका.

मग मुलाला काम द्या. "खड्डा भरेल एवढं पाणी आण" म्हटलं की तीन वर्षांचं पोर अर्धा तास बादली घेऊन खेपा घालतं. त्याला कॅमेऱ्याचा विसर पडायला पहिली दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

आता ओल्या वाळूत बसा. कपडे खराब होणारच. क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. उभ्याने काढलात तर मूल नुसत्या वाळूत बुडतं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलात तर रेघ डोळ्यांतून जाते. कॅमेरा त्याच्या कमरेशी किंवा गुडघ्याशी आणा, म्हणजे चेहरा मोकळ्या आभाळावर येतो आणि मागची गर्दीही बरीचशी खाली राहते.

आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे मावळतीला समुद्राकडे रोखून काढलं की चेहरा काळा पडतो. किनाऱ्याला समांतर बघा, उजेड बाजूने गालावर येईल. काळी आकृतीच हवी असेल तर खुशाल सूर्यासमोर काढा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस तिथे पक्का होतो. धावपळ टिपायला कॅमेऱ्यात शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा, मोबाइलवर सलग फोटो घ्या.

खाऱ्या हवेने काचेवर धुकट थर बसतो. मऊ कापडाने मधूनमधून पुसा. लेन्स मात्र किनाऱ्यावर बदलू नका.

पाठमोरे फोटो खोडू नका. माझ्याकडचा सगळ्यात आवडता तोच आहे: दोन्ही हातांनी बादली धरून, एका बाजूला कलून, ती पाण्याकडे निघाली आहे.