गिरणगावची कथा लिहायला बसायच्या आधी

मुंबईच्या गिरणी संपाच्या काळातली कथा लिहायला घेताय ना, मग प्लॉट राहू दे बाजूला, पहिल्यांदा तुमचा माणूस कुठल्या पाळीला जायचा तेवढं ठरवा. पहिली सकाळी ७ ते दुपारी साडेतीन, दुसरी तिथून रात्री १२, तिसरी १२ ते सकाळी ७. मी हे केलं नव्हतं, आणि नवरा-बायको रात्री गॅलरीत बोलत बसलेत असा मस्त दोन पानी सीन लिहिला, तर चाळीतले एक काका वाचून म्हणाले, अगं हा तर रातपाळीला आहे ना, मग घरी काय करतोय? गेली दोन पानं.

मग खोली. कागदावर काढाच, दहा बाय दहा, मोरी कुठे, स्टोव्ह कुठे, माळा कुठे, आणि त्यात कोण कधी झोपतं. गावाकडून एकटे आलेले गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे, ते जमायचं कारण एक पाळी कामावर असताना दुसरी झोपलेली असायची, वळकट्या भिंतीला, जेवण खानावळीत. आता १८ जानेवारी १९८२ला संप सुरू, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, भोंगा बंद आणि सगळे एकाच वेळी खोलीत! कुटुंबवाल्यांकडे तेच, बायकोला दुपारी जरा पाठ टेकायची सवय, तर तिथे नवरा पेपर पसरून बसलाय, तिला उठ म्हणताही येत नाही. माझ्या मते कथा इथे आहे, मोर्चात नाही. मोर्चे लिहून झालेत सगळ्यांचे.

माणूस तळकोकणातला की साताऱ्याकडचा तेही ठरवा, दोघांच्या तोंडी एकच भाषा घालू नका. साचाखात्यातला, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवरचा असेल तर घरातही मोठ्यानेच बोलणार आणि हातवारे करणार, मागांच्या खडखडाटात दुसरं काय चालणार, हे एक पकडलं की तो गिरणीत होता असं वेगळं सांगावं लागत नाही. बदलीवाला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घेतात तो, असेल तर अजून वेगळं, त्याला आधीपण रोज गेटवर उभं राहूनच काम मिळायचं.

कॅलेंडर समोर ठेवा. १८ ऑगस्ट १९८२ला पोलिसांचं बंड आणि शहरात दंगल होती, त्या दिवशी नायिकेला दादरला साडी घ्यायला पाठवू नका. स्टेशनही प्रभादेवी नाही, एल्फिन्स्टन रोड, नाव २०१८मध्ये बदललं.

वाण्याची उधारीची वही स्वतः लिहून बघा, पण भाव अंदाजाने टाकू नका, लायब्ररीत जाऊन त्या वर्षीचे पेपर चाळा, दोन दुपारी जातील, जाऊ देत.

शेवटासाठी मात्र तारीख शोधत बसू नका, संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधी झालीच नाही. कोणी गावी गेले ते तिकडचेच झाले, कोणी खाली मान घालून परत कामावर गेले. तुमचा माणूस गेटवर जातो की नाही, तेवढं एक आधी ठरवू नका.