आधी चार्जर हलवा: रोजच्या दिवसात थोडं सुख कसं बसवावं

नाशिककरांना सुखी कसं राहायचं ते सांगायची काय गरज, असं मुंबईहून आलेले पाहुणे नेहमी म्हणतात. गार हवा, गंगेचा (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) काठ, दारात द्राक्षं, रविवारी मिसळ. पाहुणे शनिवारी येतात आणि रविवारी जातात, म्हणून त्यांना तसं वाटतं. सोमवारी सकाळी साडेनऊला द्वारका चौकात उभे राहा, मग नाशिककराचा चेहरा बघा.

चांगल्या गोष्टींचीही सवय होते, एवढंच त्यामागचं कारण. नवी गाडी घेतली तेव्हा पहिले पंधरा दिवस मी रोज फडकं मारायचो. तिसऱ्या महिन्यात काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने ‘मला धुवा’ असं लिहून ठेवलं. पगारवाढ, फ्लॅट, फोन, सगळ्यांची नवलाई अशीच ओसरते. रोज थोडं थोडं आणि शक्यतो माणसांच्या सोबतीने मिळणारं सुख मात्र बऱ्यापैकी टिकतं. ते दिवसात कुठे बसवायचं, ते खाली पायरीपायरीने सांगतो. सगळं एकदम सुरू करू नका. एक अंगवळणी पडलं की पुढचं.

पायरी १: चार्जर हलवा

सकाळी डोळे उघडायच्या आत हात उशाखाली जातो ना, तिथून सुरुवात करा. निश्चयबिश्चय करत बसू नका, चार्जरच उचलून स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी ठेवा. ‘मग गजर कसा लावायचा?’ हा प्रश्न आमच्याही घरात निघाला, म्हणून साधं गजराचं घड्याळ आणलं. पहिले तीन दिवस हात उशाखाली चाचपडायचा. चौथ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून रात्री पेटलेलं भांडण मला थेट साडेआठला कळलं, आणि तोवर ते मिटलंही होतं.

उठल्यावरचा पहिला अर्धा तास फोन नको. चहाचा कप घेऊन गॅलरीत किंवा गच्चीवर या. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री वेळेवर झोप लागायला मदत होते. डिसेंबरात थंडी हाडात शिरते तेव्हा शाल घ्या, पण बाहेर या.

पायरी २: चालायला सोबती धरा

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चालणं. नाशिकमध्ये जागेची तक्रार फारशी चालणार नाही. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, गोदापार्क आहे, सिडकोकडच्यांना पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत. वर २४ लेणी, साधारण दोन हजार वर्षांची. दम लागला तर थांबून बघायला ती पुरेशी आहेत.

चालण्याचा कंटाळा पहिल्या आठवड्यातच येतो. मी तीनदा सोडलं. चौथ्यांदा टिकलं ते शेजारच्या काकांमुळे. सहाला ते गेटवर उभे असतात आणि वर बघून हाक मारतात, “काय हो, उठलात का अजून लोळताय?” अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं. मग पांघरुणात राहायची सोय उरत नाही.

चालताना आम्ही फारसं काही मोठं बोलत नाही. कांद्याचा भाव, गंगापूर धरणात किती पाणी आलं, त्यांच्या गुडघ्याचं पुराण. पण परत येतो तेव्हा डोकं हलकं झालेलं असतं. हार्वर्ड विद्यापीठातला एक अभ्यास १९३८ पासून तीच माणसं आणि पुढे त्यांची मुलं यांच्या आयुष्याची नोंद ठेवत आला आहे. माणसाचं आरोग्य आणि समाधान यांचा नात्यांच्या ऊबेशी घट्ट संबंध आहे, हे त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “एवढी वर्षं लागली होय त्यांना?”

याच पायरीचा छोटा भाग म्हणजे दिवसातून एकदा अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसाशी दोन वाक्यं बोला. शिकागोच्या लोकल प्रवाशांवरचा एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाशी बोललो तर प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्ष बोललेल्यांचा प्रवास जास्त मजेत झाला. नाशिकहून रोज मुंबईला ये-जा करणाऱ्या पंचवटी एक्सप्रेसच्या पासधारकांना यात नवीन काही वाटणार नाही.

पायरी ३: रविवारची वही

रोज डायरी लिहा असं मी सांगणार नाही, कारण आठ दिवसांत ती रद्दीत जाते. आठवड्यातून एकदाच लिहा. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटलेल्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा या लोकांना आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं.

खरी गोम आहे ती लिहायच्या पद्धतीत. ‘कुटुंब, आरोग्य, देवाची कृपा’ असं लिहिलंत तर दुसऱ्या रविवारीही तेच लिहाल. नेमका प्रसंग पकडा. माझ्या वहीतली एक ओळ अशी: ‘बुधवारी गंगेवरच्या बाजारात मेथीची जुडी घेतली. मावशींनी न मागता वर कोथिंबिरीच्या चार काड्या खोचल्या आणि म्हणाल्या, राहू द्या भाऊ, वाळूनच जाईल.’ ती ओळ वाचली की अजून त्या ओल्या गोणपाटाचा वास येतो. एखाद्या रविवारी काहीच आठवत नाही. तेव्हा ‘या आठवड्यात काही नाही’ एवढंच लिहून वही मिटावी. माझ्या वहीत अशी पानं भरपूर आहेत.

पायरी ४: मिसळीचं बिल

महिन्यातून एकदा दुसऱ्यासाठी थोडे पैसे खर्च करा. मित्राच्या आधी काउंटरवर पोहोचा, बस्स. स्वतःवर खर्च करण्यापेक्षा दुसऱ्यावर केलेला छोटा खर्चही जास्त आनंद देऊन जातो, हे प्रयोगांत दिसलं आहे. उसनवारी करून मात्र नको.

पायरी ५: खाडा पडला तर

२१ दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर पाहिलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ इतकेही लागतील असा त्यांचा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून खाडा पडला की स्वतःला शिव्या घालू नका. जुलैत पाऊस लागला की आमचं चालणं हमखास मोडतं, मग आम्ही बिल्डिंगचे जिने चढतो. काका तिसऱ्या मजल्यावर बसून मोजतात.

नवी सवय जुन्या कामाला बांधली तर जास्त टिकते. चहाचं आधण ठेवलं की बूट घालायचे, रविवारी नाश्त्याच्या बशा उचलल्या की वही काढायची. वेळ ठरवली की चुकते, चहा सहसा चुकत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त मन सतत खचलेलं असेल, झोप आणि भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते चालून किंवा वही लिहून निभावण्यासारखं नसतं. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी सांगा.

बाकी सगळ्यांनी आज रात्री जेवणं झाल्यावर मिक्सरशेजारचा प्लग मोकळा आहे का, तेवढं बघून ठेवा.