थायमसमधील पेशीमृत्यू कसा मोजावा

उंदराच्या छातीतील थायमस ग्रंथीत घडत असलेल्या टी-पेशींपैकी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींपैकी) बहुसंख्य तेथेच मरतात. तरीही ग्रंथी काढून लगेच तपासली, तर मरू घातलेल्या पेशी फारच थोड्या दिसतात, कारण मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्यांना तत्काळ गिळून टाकतात. म्हणून ताज्या नमुन्यातील आकड्यावरून मृत्यूचे प्रमाण ठरवू नये. पेशी ग्रंथीबाहेर संवर्धनात ठेवून ठरावीक तासांनी मोजाव्यात.

प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्यानंतरच प्रयोग सुरू करावा. ४ ते ६ आठवडे वयाचा उंदीर घ्यावा, कारण वय वाढते तशी ही ग्रंथी आकसत जाते. ग्रंथी थंड माध्यमात हलक्या हाताने कुस्करून ७० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळावी. येथे जोर लावला, तर आपणच मारलेल्या पेशी मोजण्याची वेळ येते. पेशींचा एक भाग तसाच ठेवून दुसऱ्यात १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घालावे व दोन्ही भाग ३७ अंश सेल्सिअसला ४ ते ६ तास ठेवावेत. स्टेरॉइडमुळे थायमसच्या पेशींतील डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे होतात, हे अँड्र्यू वायली यांनी १९८० मध्ये दाखवले होते. त्यामुळे रंगक्रिया नीट झाली की नाही, हे पडताळण्यासाठी डेक्सामेथासोन घातलेला भाग खात्रीचा ठरतो.

यानंतर ॲनेक्सिन-५ हे चमकता रंग जोडलेले प्रथिन वापरावे. निरोगी पेशीच्या आवरणाच्या आतल्या थरात असणारे फॉस्फॅटिडिलसेरिन हे मेदद्रव्य पेशी मरू लागताच बाहेरच्या थरात येते आणि ॲनेक्सिन त्यालाच चिकटते, परंतु कॅल्शियम असेल तरच. म्हणून सीडी४ व सीडी८ या टी-पेशींवरील प्रथिनांना चिकटणारी रंगीत प्रतिपिंडे आधी लावावीत, पेशी धुवाव्यात आणि मग कॅल्शियमयुक्त द्रावणात ॲनेक्सिन घालून १५ मिनिटे अंधारात ठेवावे. या टप्प्यावर ईडीटीए अजिबात नको, कारण ते कॅल्शियम बांधून घेते. शेवटी आवरण फाटलेल्या पेशींतच शिरणारा प्रोपिडियम आयोडाइड हा रंग घालून तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीचा रंग मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणी करावी. प्रोपिडियमचा प्रकाश पीई (फायकोएरिथ्रिन) रंगात मिसळतो, त्यामुळे प्रतिपिंडांसाठी पीई टाळावा. बिनरंगी आणि एकेकच रंग लावलेले नमुनेही सोबत असलेच पाहिजेत.

दोन्ही रंग नसलेल्या पेशी जिवंत, तर केवळ ॲनेक्सिन धरणाऱ्या पेशी ॲपॉप्टोसिसच्या (पेशीच्या नियोजित मृत्यूच्या) आरंभीच्या टप्प्यातील मानाव्यात. दोन्ही रंग धरणाऱ्या पेशी ॲपॉप्टोसिसने शेवटाला आल्या की आवरण फाटून थेट मेल्या, हे एकाच वेळच्या मोजणीवरून सांगता येत नाही. अनेकांची गफलत येथेच होते. त्यासाठी १, २, ४ आणि ६ तासांनी नमुने घ्यावेत आणि कॅस्पेस-३ हे ॲपॉप्टोसिस घडवणारे विकर सक्रिय झाले आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे. शिवाय टक्केवारी सीडी४ व सीडी८ दोन्ही धारण करणाऱ्या पेशींसाठी वेगळी काढावी. विकासाच्या याच टप्प्यावर कोणत्या पेशी जगणार याची निवड होते, आणि डेक्सामेथासोनला सर्वांत लवकर बळी पडतात त्याही याच.