पाखाडीचा रंग सुटतो? या चुका टाळा

गणपतीला मुंबईकर यायच्या आत घर नवंकोरं दिसावं म्हणून एका श्रावणात आम्ही फाटकापासून पडवीपर्यंतची काँक्रीटची पाखाडी लालभडक रंगवली. चार दिवस उघाड मिळाली होती, तेवढ्यात उरकलं. गौरी येईस्तोवर रंगाला फोड आले आणि विसर्जनाच्या दिवशी त्याचे पापुद्रे लोकांच्या पायांना चिकटून वाडीभर फिरले. आम्ही डब्याला शिव्या घातल्या. डबा बिचारा बरा होता.

कोकणातली मुख्य चूक ही वेळेचीच. चार महिने पाऊस प्यायलेला जांभा आणि माती खाली ओलीच असते. वरून काँक्रीट पांढरं, कोरडं दिसतं. ऊन तापलं की पोटातलं पाणी वाफ होऊन वर येतं आणि रंगाला उचलतं. सोबत क्षार येतात, ती मिठासारखी पांढरी भुकटी. म्हणून दिवाळीनंतरही महिनाभर थांबा. डिसेंबर ते मार्च काम करा. तरी खात्री हवी तर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर ब्रश उचलू नका. नवं काँक्रीट असेल तर ओतल्यापासून किमान २८ दिवस जाऊ द्या.

शेवाळावर रंग मारणं म्हणजे साबणावर मारणं. तारेच्या ब्रशने खरवडा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा. खाडीकाठच्या मचूळ विहिरीचं पाणी इथे नको, मीठ परत तिथेच बसतं.

गवंड्याने घोटून गुळगुळीत केलेल्या कोब्यावर रंग धरत नाही. तो घासून खरखरीत करावा लागतो. ॲसिड (म्युरिॲटिक, म्हणजे हायड्रोक्लोरिक) वापरायचं तर हातमोजे आणि चष्मा लावून, दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड. ॲसिड पाण्यात ओता, ॲसिडवर पाणी कधीच नाही. आणि ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

भिंतीचा उरलेला रंग जमिनीवर खपवणं, भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर मारणं, एकच जाड हात देणं: तिन्ही टाळा. सकाळी दव सुकल्यावर सुरू करा, दोन पातळ हात द्या. साधा इपॉक्सी रंग उन्हात पिवळा पडतो, तो घरातच बरा.

शेवटच्या हातात चाळलेली बारीक नदीची वाळू मिसळा. समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. वाळूविना रंगवलेल्या पाखाडीवर जुलैत चालून बघा. नाही, नकोच बघू.

सुटलेला रंग पुरता खरवडूनच नवा हात द्या. त्याच जागी पुन्हा फोड आले तर खालून पाणी येतंय, आधी पन्हळ खणून ते वळवा. आमच्या फाटकाजवळ वरच्या मेरेचं, म्हणजे बांधाचं, पाणी मुरतं, म्हणून तिथले चार फूट आम्ही कोरेच ठेवलेत.